कापगते गुरुजींचा चौथा माळा

कापगते गुरुजी टीव्हीवरची अक्षरे मोठ्याने वाचत. वर्गात चाळीस पोरे बसली आहेत आणि शेवटच्या ओळीतल्यालाही ऐकू गेले पाहिजे, असा तो आवाज. कोरियन मालिकेतला पोलीस अंधाऱ्या जिन्यात श्वास रोखून उभा असायचा, वरून कुणाचे तरी पाऊल वाजायचे, माझ्या हातातला चहाचा कप तोंडाशी थांबायचा, आणि शेजारून यायचे, ‘‘कौन है वहाँ. म्हंजे तो विचारून रायला, कोन हाय तिथं म्हनून.’’

एवढे ऐकल्यावर तिथे कोण आहे याची मला काडीची उत्सुकता उरत नसे.

बरे, हा माणूस सगळेच मोठ्याने वाचत असता तर मी समजून घेतले असते. सकाळी माझ्याच सेंटरात बसून ते तासभर पेपर वाचत, तेव्हा ओठसुद्धा हलत नसत. टीव्हीपुढे बसले की मात्र घसा खाकरलाच. चाळीस वर्षांच्या मास्तरकीची खोड, दुसरे काय, असे मी मनाशी म्हणायचे आणि आवाज वाढवायचे. मग तेही आवाज वाढवायचे.

नवेगाव बांधच्या बसस्टँडमागे माझे ऑनलाइन सेंटर आहे. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, झेरॉक्स आणि टीव्ही; मागे मी आणि आई राहतो. सातबारा, जातीचा दाखला, रेल्वेचे तिकीट, भरतीचे फॉर्म, ज्याला जे लागेल ते काढून देते. दुपारी तीन ते चार सहसा कुणी फिरकत नाही. त्या तासात मी कोरियन मालिका पाहते आणि नागपूरच्या एका वेबपेपरसाठी त्यांची परीक्षणे लिहिते. हे काम मी जीव लावून करते. गावात कुणाला ते काम वाटत नाही, हा भाग वेगळा.

त्या नोव्हेंबरात परीक्षणासाठी जी मालिका घेतली होती, ती रहस्याची होती. तिचे नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिचा शेवट सांगणार आहे. बंदराच्या एका शहरात जुने हॉस्पिटल पाडायला काढले आहे. तिथल्या लिफ्टमध्ये चौथ्या माळ्याचे बटण दाबले की माणूस एकोणीस वर्षे मागे जातो. तिथे त्याला फक्त चाळीस मिनिटे मिळतात. मालिकेचा नायक पोलीस आहे. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण शाळेतून घरी येताना नाहीशी झाली होती. तिला शोधायला तो पुन्हा पुन्हा चौथ्या माळ्यावर जातो, दर वेळी काहीतरी बदलून येतो, आणि परत आल्यावर त्याच्या आजच्या जगातले काहीतरी हरवलेले असते. असे सोळा भाग. हिंदी आवाज दिलेला नव्हता. माणसे कोरियन बोलत आणि खाली हिंदी अक्षरे येत. सगळा घोळ त्या अक्षरांनी केला.

गुरुजी त्या दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आले होते. ऐंशीच्या घरातला माणूस. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, एक निळे आणि एक लाल. निवृत्त होऊन वीस वर्षे होत आली तरी लाल पेन खिशातून गेले नव्हते. मशीनवर त्यांचा अंगठा तीनदा उमटला नाही. चौथ्यांदा उमटला तेव्हा म्हणाले, ‘‘पाय, जित्ता हाय म्हनून सांगाले बी किती डाव अर्ज करा लागते.’’ दाखला छापायला लावून मी टीव्हीकडे वळले. पहिला भाग नुकता सुरू झाला होता.

उंबऱ्यावर पंचफुला बसली होती. पंचफुला माझ्याच वयाची. सकाळी तलावाच्या मासोळ्या घमेल्यात घेऊन निघते, गावभर विकते, आणि तीनच्या सुमाराला रिकामे घमेले घेऊन परतताना माझ्याकडे पाणी प्यायला टेकते. आत ये म्हटले तर ‘हात मासोळ्याचे हायेत’ म्हणून उंबऱ्यावरच बसते. तिला वाचता येत नाही. पडद्यावर पोलीस लिफ्टमध्ये शिरला आणि तिने विचारले, ‘‘काय म्हनून रायला वं तो?’’

‘‘थांब, नंतर सांगते,’’ मी म्हणाले. माझे लक्ष मालिकेत होते.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाखला निघाला होता, घडी होऊन खिशातही गेला होता. आता गुरुजींनी जायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी खुर्ची ओढून टीव्हीपुढे आणली, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिल्याच भागात त्यांनी मला तीनदा मालिका थांबवायला लावली. रिमोट माझ्या हातात, हुकूम त्यांचा.

‘‘रोक, रोक. त्या लिफ्टीत तीन हाय, पाच हाय. मधात इंग्रजी अक्षर काऊन?’’

‘‘गुरुजी, तिकडे चार आकडा अशुभ मानतात. म्हणून त्या जागी अक्षर लिहितात.’’

‘‘मंग चवथीच्या वर्गाले काय म्हनत असतीन?’’

‘‘मला नाही माहीत.’’

‘‘मालूम नाई अन परीक्षन लिवतेस? पयले मालूम करून घे.’’

उंबऱ्यावर पंचफुला तोंडाला पदर लावून हसली. पडद्यावर एकोणीस वर्षांचा काळ उलटा फिरत होता, आणि मी मोबाईलवर कोरियातल्या चौथीच्या वर्गाला काय म्हणतात ते शोधत बसले होते. चौथीच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटे कमी असताना ते हजर. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी आल्या आल्या नियम घालून दिले. एका दिवसाला एकच धडा. रविवारी सुट्टी. आठवडी बाजाराच्या दिवशी अर्धी शाळा, म्हणजे अर्धाच भाग. मी सोळा भाग दोन दिवसांत संपवणारी बाई. लिफ्टचे दार बंद होताना एक भाग संपायचा आणि दारामागे कोण होते ते कळायला मला चोवीस तास थांबावे लागायचे. एकदा राहवले नाही म्हणून सकाळीच पुढचे दोन भाग चोरून पाहिले. दुपारी पोलिसाच्या मागे कुणीतरी कुऱ्हाड घेऊन आले. पंचफुला किंचाळली, आई आतून धावत आली. गुरुजींनी मात्र पडद्याकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले.

‘‘तू दचकली नाईस. कॉपी करून आलीस.’’

या वयात मला कॉपी करताना पकडले आणि तेही माझ्याच घरात. मी चहा ढवळत राहिले.

मालिकेतल्या त्या काळाच्या उलटसुलट प्रवासाने जगभरचे प्रेक्षक चक्रावले असतील. गुरुजींना एकच प्रश्न पडला होता. ‘‘चाळीस मिनिटं, आखीन चाळीस मिनिटं, असा हा बीस-पचीस डाव जाऊन आला. ते मिनिटं याच्या वयात धराचे का नाई? दाखल्यावर कोनती तारीख टाकाची?’’

‘‘गुरुजी, त्याला कुठे शाळेत घालायचे आहे?’’

‘‘मानूस हाय नं तो? मानूस म्हटला का तारीख लागतेच.’’

दुसऱ्या दिवशी ते घरून खडू घेऊन आले आणि मला न विचारता सेंटरच्या हिरव्या दाराच्या आतल्या बाजूला रकाने आखले. अनुक्रमांक, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, काय बदलले, शेरा. प्रत्येक भाग संपला की उठायचे, गुडघ्यावर हात टेकत दारापाशी जायचे आणि नोंद करायची. पहिल्या भागाचा शेरा, ‘हुशार आहे, पण घाई करतो’. चौथ्याचा, ‘अक्षर चांगले, गणित कच्चे’. सातव्या भागात तो पोलीस आणि त्या हॉस्पिटलातली एक डॉक्टरीण पाऊण तास नुसते समुद्राकडे पाहत उभे होते, त्याला ‘पालकांनी भेटावे’. फॉर्म भरायला येणारे लोक दार लोटले की ते वाचत आणि माझ्याकडे काळजीने बघत.

चिडून मी हा वयाचा प्रश्न अर्ध्या मालिकेवरच्या परीक्षणात घातला, गुरुजींचे नाव न घेता. संपादकांचा लगेच फोन आला. परीक्षणात तेवढाच मुद्दा त्यांना नवा वाटला होता. बाकी दीड पान मी आठवडाभर खपून लिहिले होते.

इथे माझे एक जुने दुखणे सांगायला हवे, नाहीतर नवव्या भागाला काय झाले ते कळायचे नाही.

आमच्या भागातले निम्मे लोक एक जुलैला जन्मले आहेत. दिवसभर फॉर्म भरते म्हणून मला हे पक्के ठाऊक आहे. पूर्वी बाळंतपण घरी व्हायचे, नोंद कुणी करत नसे. जूनमध्ये आईबाप पोर घेऊन शाळेत आले की गुरुजी ते पहिलीत बसेल एवढे वय करून देत आणि तशी तारीख दाखल-खारीज रजिस्टरात लिहीत. माझा जन्म दिवाळीनंतरचा, धान कापणीतला. कापगते गुरुजींनी मला एक जुलैची केले. चार-साडेचार महिन्यांनी मोठी.

एवढे महिने कुणाच्या आयुष्यात लक्षात राहत नाहीत, माझ्या राहिले. तलाठ्याच्या भरतीसाठी मी कितीतरी वर्षे अभ्यास केला. जाहिरात लांबत गेली, लांबत गेली, आणि निघाली तेव्हा कागदावर माझे वय एकवीस दिवसांनी जास्त झाले होते. फॉर्म माझा मीच भरत होते. जन्मतारखेच्या चौकटीत एक जुलै टाकले की पडद्यावर लाल अक्षरे येत. मी तीनदा टाकून पाहिले. खरी तारीख असती तर हातात जवळजवळ चार महिने होते. त्या दिवशी दुसऱ्यांचे फॉर्म भरण्यातच आपला जन्म जाणार हे नक्की झाले. गुरुजींना मी त्याबद्दल कधी शब्दाने बोलले नाही. फक्त त्यांच्या झेरॉक्स मी नेहमी सगळ्यांच्या शेवटी काढून देत असे.

तर नववा भाग. पोलीस चौथ्या माळ्यावर जातो आणि हॉस्पिटलच्या नोंदवहीतली एक तारीख खोडून दुसरी लिहितो. गुरुजी खुर्चीतून उठलेच.

‘‘बंद कर. असं कसं खोडते हा? खाडाखोड केली का बाजूले सही पायजे, सहीखाली तारीख पायजे. यानं त काईच नाई केलं.’’

हे वाक्य ते शाळेतही म्हणत. पाटीवरचे पुसतानासुद्धा म्हणत. पण त्या दिवशी मला ते सहन झाले नाही.

‘‘सही केली म्हणजे तारीख खरी होते का, गुरुजी? माझी लिहिलीत तेव्हा केली होती ना सही?’’

आई चहा घेऊन येत होती, ती दारातच उभी राहिली. गुरुजी हळूहळू खाली बसले.

‘‘एकवीस दिवस,’’ ते म्हणाले.

हा आकडा मी आईशिवाय कुणाला सांगितला नव्हता. मी आईकडे पाहिले, तर तिने ‘मी नाही सांगितले’ अशी मान हलवली.

‘‘जाहिरात मी बी वाचलो होतो पेपरात,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘बोटावर मोजलो.’’ मग टीव्हीकडे बोट केले. ‘‘चालू कर. त्याची चाळीस मिनिटं संपून रायली.’’

बस. ‘चुकले’ नाही, ‘वाईट वाटले’ नाही, काही नाही. उरलेला भाग त्यांनी नेहमीच्याच आवाजात वाचला. ते गेल्यावर आईने मलाच सुनावले, ‘‘गुर्जीले असं बोलते का कोनी?’’ मी त्या रागात दारावरचे सगळे रकाने पुसणार होते. ओले फडके हातात घेतले आणि मग टेबल पुसले.

त्यांना यायला बंदी घालावी असे मी दोन दिवस घोकत होते. पण ते तीनला पाच कमी असताना येत, पंचफुला तीनला येत असे, आणि मी तोंड वाकडे करून रिमोट दाबत असे. पंचफुला आता मालिकेत पुरती गुंतली होती. वाटेने जाता जाता मला अडवून विचारायची, ‘‘ती पोट्टी सापडन का वं?’’ मासोळ्या विकताना घराघरांत ती ही गोष्ट सांगते, असेही कानावर आले. गुरुजी तिला मधूनच प्रश्न विचारत, ‘‘सांग, गेल्या डावानं काय हरवलं त्याचं?’’ आणि ती उंबऱ्यावरून झटकन उत्तर देई. तिचे कधी चुकत नसे. माझे दोनदा चुकले.

तेरावा भाग आला त्या दिवशी पंचफुला नव्हती. भाचीच्या लग्नाला साकोलीला गेली होती, तीन दिवसांसाठी. गुरुजींनी उंबऱ्याकडे पाहिले. ‘‘ती नाई आली?’’ मी कारण सांगितले. ते खुर्चीत बसले, मी मालिका लावली.

पहिली दहा मिनिटे मला नेमके काय वेगळे आहे ते कळले नाही. पडद्यावर समुद्राचा आवाज येत होता. त्या नटाचा आवाज बोलताना थोडा कापतो, हे मला बारा भागांनंतर प्रथमच ऐकू आले. त्या भागात सगळ्यात मोठे रहस्य उघडते. बहीण नाहीशी झाली त्या दिवशी ती आधी भावाच्या शाळेच्या फाटकाशी आली होती. मला सायकलवर घरी ने म्हणाली होती. त्याला मित्रांबरोबर खेळायला जायचे होते. तो म्हणाला, तू हो पुढे, मी येतो. एकोणीस वर्षे तो ज्या गुन्हेगाराला शोधत होता त्याच्याआधी हे एवढे वाक्य होते, आणि ते त्याने कुणाला सांगितले नव्हते.

मी गुरुजींकडे पाहिले. ते अक्षरे वाचत होते, डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, पण तोंड बंद होते. पेपर वाचताना असते तसे.

मी मालिका थांबवली. ‘‘गुरुजी, आज वाचत नाही तुम्ही?’’

‘‘तुले येते नं वाचता,’’ ते म्हणाले.

मग उमगले, आणि मी रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिले.

‘‘त्या जूनात एकाच दिवशी दोघी आल्या होत्या,’’ गुरुजी टीव्हीकडे पाहतच सांगू लागले. ‘‘तू तुया मायसंगं, अन पंचफुला तिच्या बापासंगं. दोघी बी धानकापनीतल्या, दोघी बी वयानं कमी. तुई माय रांगेत समोर होती. तुई तारीख लिवलो. मंग तिचा बाप आला. सायबानं आठ दिवस आधीच दम देल्ला होता, खोट्या तारखा लिवसान त पाहून घेईन म्हनून. माया हात थांबला. एका दिसात दोन खोट्या तारखा लिवाची हिंमत नाई झाली मले. म्हनलो, पाच महिने कमी हाय, पुढच्या साली आनजो.’’

‘‘मग पुढच्या वर्षी?’’

‘‘पुढच्या साली तिले भाऊ झाला. त्याले कडेवर घेऊन ती बांधावर बसे. मी दोन डाव गेलो बलावाले. बाप म्हने, पोराले कोन पायल, गुर्जी? तिसऱ्या डावाले नाई गेलो.’’

आई आतल्या दाराशी केव्हा येऊन बसली होती कोण जाणे. ती खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

मला पंचफुलासाठी काहीतरी बोलायला हवे होते. पण मला अजून माझेच पडले होते. मी विचारले, ‘‘तुम्हाला मिळाली असती ती लिफ्ट, तर माझी तारीख खरी लिहिली असती?’’

‘‘नाई,’’ गुरुजींनी क्षणही घेतला नाही. ‘‘तुई तशीच ठेवली असती. तिची बी खोटी लिवली असती.’’ मग म्हणाले, ‘‘तुया तारखेत खाडाखोड तरी करता आली असती वं, सही करून. तिचं त नावच नाई रजिस्टरात. खाडाखोड कुठं करू?’’

खरे सांगायचे तर त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला. एकवीस दिवसांचे ते दुखणे मी इतकी वर्षे जपून ठेवले होते. स्वतःबद्दल हळहळ वाटली की मी ते मनातल्या मनात काढून पाहत असे. या माणसाने खुर्चीत बसल्या बसल्या ते एवढेसे करून टाकले. हक्काने चिडण्याचीसुद्धा सोय ठेवली नाही. आणि त्यात मला तो पहिला दिवस आठवला. पंचफुलाने विचारले होते, आणि मी म्हणाले होते, थांब, नंतर सांगते. ते ऐकूनच यांनी खुर्ची ओढली होती. ती उंबऱ्यावर किती वर्षे बसत होती, आणि किती मालिकांत मी तिला नंतर सांगणार होते, याचा मला हिशेब लागेना. माझी मलाच लाज वाटली.

तेराव्या भागाला त्यांनी शेरा दिला नाही. उठताना म्हणाले, ‘‘ती आली का हेच पुन्हा लावजो. तिनं नाई पायलं.’’

पंचफुला परतल्यावर पुन्हा लावला. गुरुजींनी तो पहिल्यापासून वाचला. फाटकाशी ती मुलगी येते तिथे त्यांनी घसा खाकरला, आणि ‘तू हो पुढे, मी येतो’ हे वाक्य हिंदीत वाचून आपल्या बोलीतही सांगितले. पंचफुला म्हणाली, ‘‘लहानच होता नं तो बी.’’ गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. त्या दिवशी दारावर लिहिले, ‘उपस्थिती पूर्ण’.

चौदावा झाला, पंधरावा झाला. सोळाव्याच्या दिवशी तीन वाजले, सव्वातीन झाले, गुरुजी आले नाहीत. साधा खोकला होता. मग गोंदियाला दवाखान्यात नेले, मग परत आणले, आणि धानाची मळणी चालू असताना एका सकाळी ते गेले. वर्षभराचा हयातीचा दाखला मीच त्यांना काढून दिला होता. पुरता दीड महिनासुद्धा तो त्यांनी वापरला नाही. इतका काटेकोर माणूस, आणि एवढा मोठा कागद वाया घालवून गेला. मी त्यांच्या अंगणात उभी राहून रडले, आणि रडतानाही मला त्यांच्यावर चिडायलाच येत होते.

सोळावा भाग मी आधीच एकटीने पाहून घेतला होता. ते दवाखान्यात होते तेव्हा संपादक परीक्षण मागत होते. एकटीने, गपचूप, कुणी मध्ये न बोलता. मला हवा होता तसा. मला तो आवडला नाही, पण परीक्षणात तसे लिहिण्यासारखे कारण सापडेना, म्हणून मी चांगला म्हणून लिहिले.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी तीन वाजता पंचफुला रिकामे घमेले घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. पाणी प्यायली. दारावरच्या रकान्यांकडे पाहिले. तिथे गुरुजींनी सोळा हा अनुक्रमांक आधीच लिहून ठेवला होता, पुढचे रकाने कोरे होते.

‘‘शेवटचं रायलं वं,’’ ती म्हणाली. ‘‘सापडली का ती पोट्टी?’’

‘‘सांगते ना,’’ मी म्हणाले. ‘‘थोडक्यात सांगू का?’’

‘‘थोडक्यात कायले? गुर्जी थोडक्यात सांगत होते का?’’

नव्हते सांगत. मी रिमोट घेतला आणि म्हणाले, ‘‘पंचफुला, गुरुजी ते सगळे तुझ्यासाठी वाचत होते.’’

‘‘मले मालूम नाई का?’’ ती म्हणाली. ‘‘शाळेत नाव टाकाले नेलं त्या दिशी मी पाटी घेऊन गेलती. बापानं नवीन आनली होती. गुर्जी पाटीकडंच पाहून रायले होते, मायाकडं नाई.’’ मग तिने पदराने तोंड पुसले. ‘‘लाव नं आता.’’

‘‘आत येऊन बस.’’

ती नेहमीचे बोलणार होती. पण उठली, अंगणातल्या टाकीवर साबणाने हात धुतले, घमेले बाहेर पालथे घातले आणि आत येऊन दाराजवळ जमिनीवर बसली. मी गुरुजींच्या खुर्चीत बसले. शेवटच्या भागात तो पोलीस गुन्हेगाराच्या मागे जात नाही. चाळीस मिनिटे हातात असतात, तो सरळ आपल्या जुन्या शाळेच्या फाटकाशी जातो आणि बहिणीला सायकलवर बसवून घरी निघतो. पहिले वाक्य आले. मी वाचले, पण माझे मलाच धड ऐकू आले नाही. दुसरे आले आणि निघूनही गेले.

‘‘जोरानं वाच वं,’’ पंचफुला म्हणाली. ‘‘मांगं आयकू येत नाई.’’

ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती. मी मालिका मागे नेली, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले.